ओळख नसलेल्या गावी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरीच्या पायथ्याशी जैन प्रवाशाने घटकाभर तरी थांबावे. गावाजवळ जुन्या मंदिरांचे भग्न अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतील काही मंदिरे जैन आहेत, आणि त्यांपैकी एकात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४१ चा, संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेउणदेव याच्या पदरी असलेल्या एका वाणी मंत्र्याने गावातील काही दुकानांचे उत्पन्न जिनमंदिरास लावून दिल्याची त्यात नोंद आहे. दुकाने गेली, उत्पन्न गेले, पूजा थांबली, शिखरे ढासळली. दानाची नोंद तेवढी दगडावर राहिली.

एरवी मी हा मजकूर कौतुकाने पाहिला असता. या वेळी मात्र मला हसू आले. कोणत्या गाळ्याचे भाडे कोणत्या खात्यास जमा करायचे, कोणाचे नाव संगमरवरावर वर घ्यायचे, कोणाचे खाली, कोणाच्या नावापुढे 'मातुश्री' आणि कोणाच्या नावापुढे 'स्व.' घालायचे, याच कामात माझी नऊ वर्षे गेली आहेत. आमच्या संघाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद तीन वर्षांसाठी म्हणून स्वीकारले आणि तीनदा गळ्यात पडले. चौथ्यांदा आग्रह झाला तेव्हा मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. नकाराचे पत्र लिहून खिशात ठेवले होते. पण ते देण्याआधी चार दिवस अशा ठिकाणी काढावेत असे वाटले, की जेथे मला कोणी ओळखत नाही. मोटार मुलाकडे ठेवली, एस. टी. धरली आणि मोखाड्यावरून जव्हारला उतरलो.

ज्यांनी पद भोगले आहे त्यांना हे सुख सांगावे लागणार नाही. गावात मला चहा विकत घेता येत नाही. पैसे कोणीतरी आधीच दिलेले असतात, आणि त्या चहामागून एक अर्ज येतो. लग्नात उशिरा गेलो तर यजमान दुखावतात, लवकर गेलो तर दुसरे यजमान. पर्युषणात प्रतिक्रमणाला मी कोणत्या रांगेत बसलो यावरूनही अर्थ काढले जातात. या चार दिवसांत मी बाकावर कोणाशेजारीही बसलो, दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलो आणि कोणालाही त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

दिवस फाल्गुनाचे होते. तोरंगण घाटाच्या पुढे पळस ऐन भरात होता, मोहाखालची जमीन पहाटेच झाडून घेतलेली दिसत होती. नागली-वरईची डोंगरउतारावरची शेते कापणी होऊन केव्हाच मोकळी झालेली. पावसाळ्यात हा मुलूख धबधब्यांचा असतो आणि पर्यटक येतात ते तेव्हाच. जव्हारजवळचा दाभोसा त्या दिवसांत पाहावा असे सगळेच सांगतात. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मनुष्य त्यांना जरा विक्षिप्तच वाटत असावा.

जव्हार हे पूर्वीचे संस्थान. डोंगरपठारावरचे हे गाव मुकणे घराण्याच्या राजधानीचे. राजे महादेव कोळी समाजाचे. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशाहास राजा म्हणून मान्यता दिली, तेथपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सहाशे वर्षे हे घराणे टिकले. मूळपुरुष जयबा याची कथा मात्र मला या वेळी नव्याने खटकली. त्याने म्हणे एका वारली राजाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली. वारली राजाने हो म्हटले. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्या लांबच लांब दोरीत मावेल तेवढा मुलूख आपला म्हणून मोजून घेतला. अशीच कथा भूमध्यसमुद्राकाठच्या कार्थेज नगराच्या राणीबद्दलही सांगतात. तेव्हा ती इतिहास म्हणून धरू नये. पण आपल्याकडे कूडतोल-कूडमाप हा श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार मानला आहे, आणि आपण प्रतिक्रमणात त्याची आलोचना करतो. त्या संस्कारातून ही कथा ऐकली की जयबाच्या चातुर्यापेक्षा त्या वारली राजाचेच मनात घोळत राहते. कथेत त्याला नावही नाही.

गावाबाहेर शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारच्या विक्रमशाह राजाने त्यांच्या शिरोभूषणात मानाचा शिरपेच खोवला, म्हणून हा शिरपामाळ, अशी परंपरा आहे. माळावर वारा छान असतो आणि स्मारकही नीट राखले आहे. या भेटीचा पुढचा भाग तेथे सहसा कोणी सांगत नाही. अवघ्या आठ वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. सतरा लाखांचा खजिना हाती लागला आणि त्याच विक्रमशाहाला राज्य सोडून पळावे लागले. मधली आठ वर्षे त्याने कशी काढली असतील? एका बाजूला मोगल, दुसऱ्या बाजूला नवे उगवते राज्य, मध्ये सुरतेची वाट. शिरपेच कोणाला खोवायचा आणि कोणाला खोवला हे कोणाला कळू द्यायचे नाही, यातच छोट्या राजाचे आयुष्य जाते. त्याच वाटेने मीठ-मिरची वाहणाऱ्या एखाद्या लमाणाला त्या वर्षांत तांडा कोठे उतरवायचा एवढीच चिंता असावी.

राजवाडा, म्हणजे जयविलास, गावापासून जवळच झाडीत उभा आहे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीची ही देखणी वास्तू. यशवंतरावांचे आयुष्य मला वास्तूपेक्षा मोठे वाटले. १९१७ चा जन्म. १९२७ साली, म्हणजे दहाव्या वर्षी, गादीवर. ज्या वयात मुले नाव टाकून खेळात पळून जातात त्या वयात याला मुजरे घेत बसावे लागले. अधिकारसूत्रे हाती आली ती १९३८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात गेले. गणवेश घातल्यावर का होईना, आपण अनेकांतील एक आहोत हे सुख त्यांना तेथे मिळाले असेल काय, असा विचार व्हरांड्यात उभा असताना मनात आला. तिशीतच संस्थान गेले. पुढे १९६२ मध्ये भिवंडी मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले. ज्यांच्या नावाने आज्ञा निघत त्यांचे नाव मतपत्रिकेवर इतर नावांच्या रांगेत छापले गेले, आणि त्यासाठी त्यांना दारोदार जाऊन हात जोडावे लागले असतील. तनखेही १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेले.

आदिपुराणातील भरत चक्रवर्तीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. षट्खंड जिंकून तो वृषभाचलावर आपले नाव कोरण्यास गेला, तर डोंगरावर तिळाएवढी जागा नव्हती. आधीच्या चक्रवर्तींच्या नावांनी तो भरून गेला होता. भरताचा अभिमान गळाला. इथपर्यंत प्रवचनकार सांगतात आणि सभा 'खरे आहे' म्हणून मान डोलावते. पण कथा एवढ्यावर संपत नाही. अभिमान गळूनही भरताने एक जुने नाव पुसले आणि तेथे आपले कोरले. मी अध्यक्ष झालो त्या वर्षी सभागृहाचा जीर्णोद्धार निघाला आणि जागेअभावी जुनी फरशी काढून नवी बसवावी लागली. काढलेल्या फरशीवरची नावे वहीत उतरवून ठेवा असे मी सांगितले होते. ती वही आज कोठे आहे, हे मला ठाऊक नाही.

जव्हारच्या बाजारात वारली चित्रे विकायला असतात. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आता सही असते, आणि असावीच. कारागिराला त्याचे नाव आणि दाम दोन्ही मिळावे. पण पूर्वी लग्नघराच्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, तो लग्न पार पडले की धुराने काळवंडून जाई. त्या बायकांची सही कशावरही नाही. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव सत्तरीच्या दशकात जगापुढे आले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मागे अशा किती पिढ्या आहेत याची गणती होऊ शकत नाही.

येथवर मी मोठ्या समाधानात होतो. अनामिकतेचे गोडवे गाणारा एक लेखच डोक्यात तयार होत होता. तो मोडला एका चहाच्या टपरीवर. तिसऱ्या दिवशी मी साधा सदरा, पायांत चपला, खांद्यावर झोळी अशा वेषात बाकावर बसलो होतो. पाणी माझ्याच बाटलीतले प्यालो. टपरीवाल्या म्हाताऱ्याने कप पुढे केला आणि म्हणाला, "घ्या शेठ."

मी विचारले, "बाबा, मला ओळखता का?"

"तुम्हाला नाय ओळखत. शेठ ओळखतो."

तो सहज बोलला. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, शेठ आणि सावकार या शब्दांना मागचा इतिहास आहे. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज काढणारा आदिवासी नवरदेव ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, सावकाराकडे राबे. त्याची बायकोही राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात या वेठीचे वर्णन सरकारपुढे मांडले. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे वारल्यांनी उठाव केला. त्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी ते मिळवून वाचावे. जमीनदार आणि सावकार अनेक जातिधर्मांचे होते. त्यांत आपले कोणीच नव्हते असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. माझे आजोबा नाशकाच्या बाजारात धान्य घेत. ते कोणत्या मापाने घेत हे मी कधी विचारले नाही.

तेव्हा मी नाव घरी ठेवून आलो होतो, पण 'शेठ' माझ्याबरोबर एस. टी.त बसून आला होता. अनोळखी होणे हे इतके सोपे नसते.

त्याच रात्री मोखाड्याला बोहाडा होता. होळीनंतरच्या दिवसांत जगदंबेच्या उत्सवानिमित्त येथे रात्र-रात्र मुखवट्यांची सोंगे नाचतात. सूर्यास्तापूर्वी बरोबरचे खाकरे आणि उकडलेले मूग खाऊन घेतले आणि गर्दीत जाऊन उभा राहिलो. संबळ आणि पिपाणी सुरू झाली, टेंभे पेटले, आणि गणपती आला, सरस्वती आली, पुढे मारुती, त्राटिका, रावण, नृसिंह. सोंगांचा मान घराण्यांतून चालत येतो; अमक्या घरचा नृसिंह, तमक्या घरचा रावण. मुखवटा आणि त्यामागचा पसारा चांगला वजनदार असतो. नाचणाऱ्याला समोरचे धड दिसत नाही, म्हणून एक जण पुढे राहून त्याला वाट दाखवतो. नृसिंह आला तेव्हा आयांनी तान्ही मुले त्याच्या पायांशी घातली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्यांत आतला माणूस कोण हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि त्या घटकेला ते कोणीच मनात आणत नव्हते. थोड्या वेळाने त्याला बाजूला नेऊन मुखवटा उतरवला. तिशीचा तरुण, घामाने निथळलेला. मानेवर दोरीचा वळ उठला होता. कोणी तरी तांब्या दिला. तो घटाघट पाणी प्याला आणि प्रेक्षकांत येऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला. आता त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हते. तो दुसऱ्यांची सोंगे पाहत खदखदून हसत होता. सारी रात्र मला त्याचा हेवा वाटला.

सकाळी तो पुन्हा दिसला. नाक्यावर एक ट्रक उभा होता. दिवाळीनंतर या तालुक्यांतील पाड्यांतून माणसे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर जातात, शिमग्याला परततात आणि सण झाला की उरलेल्या हंगामासाठी पुन्हा निघतात. आमच्या नव्या सभागृहाच्या विटा भिवंडीकडच्याच होत्या. कालचा नृसिंह कडेवर मूल घेऊन ट्रकच्या फळीशी उभा होता. त्याची बायको भांड्यांचे बोचके वर देत होती. मुकादम बोटाने डोकी मोजत होता. कोणाचे नाव त्याने विचारले नाही. मोजणी एकाने चुकली म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजली.

ही अनामिकता मी हौसेने पांघरलेल्या अनामिकतेहून अगदी निराळी होती. माझी मला हवी तेव्हा काढून ठेवता येत होती. परतीचे तिकीट खिशात होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. तोवर ही नावे राज्यात फारशी कोणाला माहीत नव्हती. त्यानंतर मुख्यमंत्री आले, जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय झाले. गावाला नाव मिळाले ते अशा किमतीने. कोणाच्याच यादीत नसणे याला मोकळेपण म्हणता येणार नाही, हे मला साठीच्या पुढे, मोखाड्याच्या नाक्यावर उमगले. संतांचे अनामिक असणे आणि या माणसांचे अनामिक असणे, दोन्हींना भाषेने एकच शब्द ठेवला आहे. तो कोठे वापरतो ते पाहायला हवे.

बसला वेळ होता म्हणून रस्त्याच्या बाजूच्या एका पाड्यापर्यंत चालत गेलो. मोखाडा तालुक्यातच, कोचाळे येथे, मध्य वैतरणा धरण आहे. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. तालुक्यातील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाड्याच्या तोंडाशी सिमेंटची एक टाकी होती. तिच्यावर रंगाने ठळक अक्षरांत दात्याचे नाव, त्याच्या मातापित्यांची नावे, उद्घाटकाचे नाव आणि तारीख. नाव कोणाचे ते येथे सांगत नाही, आपल्यातलेच होते. टाकी कोरडी होती. आत सुकलेली पाने आणि एक फुटका हंडा. विहीर खालच्या ओढ्यात. वर चढून येणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर दोन हंडे होते. तिला सावलीत टेकू दिले आणि टाकीबद्दल विचारले.

"टाकी हाय. मोटर जळली तवापासून पाणी नाय."

"ज्यांनी बांधली त्यांना कळवलं नाही का?"

"कुठं कळवू? पाटीवर नाव हाय, फोन नाय." मग माझ्याकडे नीट पाहून तिने विचारले, "तुमी पण टाकी बांधाया आलाव?"

मी नाही म्हणालो. तिला बरे वाटले की वाईट ते समजले नाही. हंडे उचलून ती गेली.

आपल्याकडे गुप्तदानाची मोठी थोरवी आहे आणि बोलीची त्याहून मोठी परंपरा. बोलीला मी नावे ठेवत नाही. तिच्यावर पांजरपोळ चालल्या आहेत, धर्मशाळा उभ्या राहिल्या आहेत. पाटीवर नाव असले म्हणजे चार लोक विचारू शकतात की बाबा रे, मोटर का बंद आहे. पाटीचा तोच एक खरा उपयोग असावा, आणि आपण नेमका तोच सोडून बाकीचे सारे उपयोग करतो. उलट गुप्तदान करून जो मोकळा झाला त्याला तर कोणी विचारूही शकत नाही. हे माझ्या मनात पूर्वी आले नव्हते. वडील आयुष्यभर गुप्तदान करीत. त्यांतले कोठे पोचले आणि कोठे कोरडे पडले हे पाहायला ते गेले असतील असे वाटते, पण खात्री देता येत नाही.

परतताना त्र्यंबकच्या अलीकडे मोबाईलला रेंज आली आणि चार दिवसांचे निरोप एकामागून एक येऊन पडले. बहुतेक आमच्या मंडळींचे. बस अंजनेरीशी आली तेव्हा मी उतरलो नाही. ऊन फार होते. खिशातले नकाराचे पत्र घामाने ओले झाले होते. ते घरी गेल्यावर फाडले आणि दुसरे लिहिले. त्यात अध्यक्षपद एका वर्षापुरते ठेवण्याची तयारी कळवली आहे, आणि कार्यसूचीवरचा पहिला विषय असा घ्यावा अशी विनंती केली आहे : गेल्या वीस वर्षांत संघाच्या नावाने ज्या ज्या गावी टाक्या, वर्गखोल्या, पाणपोया बांधल्या, त्या सर्व ठिकाणी दोन दोन सभासदांनी स्वतः जाऊन, हार-सत्कार न घेता, त्या चालू आहेत की बंद एवढेच पाहून यावे. दुसरा विषय, ती हरवलेली वही शोधणे.

सभा येत्या रविवारी आहे. तिघांनी आताच कळवले आहे की रविवार सोयीचा नाही.